माझ्या नावाचा रांजण

रांजण धुवावा तर शाल्वानंच, असं आमचं अख्खं अलाझानी नदीचं खोरं म्हणायचं. शाल्वा म्हणजे माझे बाबा. जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेल्या वाइनच्या रांजणात ते दोर धरून उतरायचे आणि चेरीच्या सालीच्या कुंच्यानं आतून घासायचे. शेवटचं पाणी बाहेर आलं की मालक ते वाटीत भरून त्यांच्यापुढे धरायचा. धुणाऱ्यानं ते प्यायल्याशिवाय रांजण धुतला असं कुणी मानत नाही.

आमच्या घराला रांजणघर नव्हतं. म्हणून मी जन्मले त्या वर्षीची वाइन बाबांनी थोरल्या भावाकडे, ओतारकाकांकडे, कोपऱ्यातल्या रांजणात भरली आणि तोंड मातीनं लिंपलं. ते फोडायचं माझ्या लग्नात. तेवीस वर्षं बाबा अधूनमधून जाऊन, तडकू नये म्हणून, ती माती ओली करून यायचे. सख्ख्या भावावर कसला संशय घ्यायचा?

यंदा द्राक्षं उतरवायच्या दिवसांत काकांकडे शहरातून पाहुण्यांच्या बसगाड्या आल्या. लग्नाला आठ दिवस उरले असताना काकांनी बाबांना कामाला बोलावलं. पाणी काढू लागायला मीही गेले. कोपऱ्यातला रांजण उघडा होता, आणि रिकामा.

"हा जरा धुवून दे," काका म्हणाले.

बाबांनी आत डोकावून पाहिलं. "दादा, हा तर आपल्या नातियाच्या लग्नाचा."

"अरे, पाहुणा देवानं धाडलेला असतो. त्यांना जुनी हवी होती, नाही कसं म्हणू? लग्नाला गेल्या सालची देतो की हवी तेवढी. पोरीला काय फरक कळणार आहे?"

पोर तिथंच बादली घेऊन उभी होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाबा मात्र दोर धरून आत उतरले. दुपारपर्यंत घासण्याचा आवाज येत राहिला, आणि मला काकांपेक्षा बाबांचाच जास्त राग आला. शेवटच्या पाण्याची वाटी काकांनी पुढे केली, तर बाबांनी ते न पिता सुरईत ओतलं आणि घरी आणलं.

लग्नाच्या जेवणात चषक उंचावून बोलायचा मान काकांचा. भावाभावांच्या मायेवर ते इतकं गोड बोलले की बायका डोळे पुसू लागल्या. मग बाबा तीच सुरई घेऊन उठले आणि त्यांनी काकांचा चषक काठोकाठ भरला.

"पी दादा. तेवीस वर्षं जपलेल्या रांजणातलं आहे."

सगळं टेबल बघत होतं. काकांनी घोट घेतला. त्यांना गिळवेना, थुंकताही येईना.

"तुझ्या पाहुण्यांनी," बाबा म्हणाले, "माझ्या लेकीसाठी एवढंच ठेवलं."