माझ्या टाकीतलं पाणी कोण पीत होतं?

इथले अनुभव मी बरीच वर्षं सकाळच्या चहाबरोबर वाचतो, आणि मनातल्या मनात प्रत्येक लेखकाला डोळे तपासून घ्यायला सांगतो. त्यामुळे आज मीच लिहायला बसलोय याचा सगळ्यात जास्त राग मलाच आलाय. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही... पण माझं पाणी गेलं ते गेलंच, आणि त्याचा जाब मी आजवर कुणालाही विचारू शकलेलो नाही.

काळ नव्वदच्या दशकाच्या शेवटाचा. नाशिकला इंदिरानगरमध्ये आमचा पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट. घरात मी, बायको सुनंदा आणि माझी आई. वडील जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी ओझरला कारखान्यात नोकरीला, आणि माझं कामच मुळी नळ्यांची, जोडांची गळती तपासण्याचं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण ‘अहो, टाकी गळत असेल’ हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटलेत.

तर हॉलमध्ये टीव्हीशेजारी माझा फिश टँक होता. लोक माशांसाठी टँक ठेवतात, मला वेड पाण्यातल्या झाडांचं. त्यातही सावकाश वाढणाऱ्या. देवळाली कॅम्पातल्या एका फौजी साहेबांची बदली झाली, तेव्हा जाताना त्यांनी मला अनुबियास नावाच्या झाडाचे तीन तुकडे दिले. गडद हिरवी, जाड, चामड्यासारखी पानं. झाड कसलं, सरकारी फाईलच ती—महिन्याला एक पान, तेही लहर लागली तर. याचं खोड वाळूत पुरायचं नाही, पुरलं की कुजतं. दगडाला दोऱ्याने सैलसर बांधायचं, मग मुळं हळूहळू दगड धरतात. उजेड बेताचा ठेवायचा, सारखी उचकपाचक करायची नाही, पाणी थोडं थोडं बदलायचं आणि वाट बघायची. मी हे सगळं करत होतो. शिवाय पानांवर शेवाळ चढलं की जुन्या टूथब्रशने एकेक पान पुसत बसायचो. सुनंदा म्हणायची, “माझ्या पाठीला बाम चोळायचा म्हटलं की तुमचे हात दुखतात. इथे बरे चालतात.”

दुकानातले ते निळे-गुलाबी दगड मला बघवत नाहीत. म्हणून एका रविवारी भाजीला गंगेवर गेलो (गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो), तेव्हा पाणी ओसरलेलं बघून रामकुंडाच्या खालच्या अंगाला पात्रातून तीन दगड वेचले. दोन तांबूस, एक काळा, मुठीत मावेल असा, एका बाजूने सपाट. पिशवीत मेथीच्या जुडीखाली घालून घरी आणले, पातेल्यात उकळले (त्या पातेल्यावरून जे झालं ते वेगळं), आणि तिन्ही तुकडे तीन दगडांवर बांधले.

तांबूस दगडांवरच्या दोघांनी नेहमीप्रमाणे असहकार पुकारला. काळ्या दगडावरचं मात्र सुसाट सुटलं! आठवड्याला एक पान, कधी दोन. शेवाळाचा ठिपका नाही. मुळांनी दोन महिन्यांत दगड असा आवळला की दोरा कापून टाकला तरी झाड हलेना. मी अर्थातच सगळं श्रेय घेतलं. येईल त्या पाहुण्याला टँकपुढे उभं करून संयम या विषयावर व्याख्यान द्यायचो. लोक चहा संपवून निघून जायचे.

मग टाकीतलं पाणी कमी व्हायला लागलं.

थोडंथोडकं नाही. संध्याकाळी भरावं, तर सकाळी चार बोटं खाली. आणि हे नाशिकच्या थंडीत बरं का, वर काचेचं झाकण असताना. मी काचेवर चिकटपट्टी लावून पातळीची खूण केली. टाकीखाली वर्तमानपत्र पसरलं—ते कोरडं ठणठणीत. सगळे जोड नव्याने सिलिकॉनने भरले. दिवसभर लोकांच्या गळत्या पकडणारा माणूस मी, आणि माझ्याच घरात मला गळती सापडेना! मी चिडलो आणि संशय घरच्यांवर घेतला. टँकचं पाणी कुंड्यांना उत्तम खत असतं हे मीच घरात शंभरदा सांगितलेलं. म्हटलं, तुळशीला घालताय ना तुम्ही? सुनंदाने दोन दिवस माझ्याशी फक्त पोळी वाढण्यापुरतं बोलणं ठेवलं.

शेवटी टँक साफ करायला काढला, तेव्हा काळा दगड झाडासकट बाथरूममध्ये एका बादलीत ठेवला होता. त्या दिवशी टाकी भरून ठेवली, पण दगड परत ठेवायचा राहिला. दुसऱ्या दिवशी टाकीचं पाणी चिकटपट्टीला लागून, आणि बादली अर्धी. बादली बदलली, तरी तेच. पितळी घंगाळात ठेवला... घंगाळ तरी गळतं म्हणणार का कुणी? झाड मात्र मजेत. नवं पान उलगडत होतं.

आई बाथरूमच्या दारात उभी राहून बघत होती. तिने विचारलं, “नंदू, हा दगड कुठला?”

“गंगेवरचा.”

“गंगेवर कुठे?”

मी सांगितलं. आई भिंतीला हात लावून उभी राहिली. मला तेव्हाही कळलं नाही, सुनंदाला आधी कळलं. तिने हातातली बादली खाली ठेवली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. माणूस गेलं की त्याच्या नावाने एक दगड ठेवतात, जीवखडा. गेलेल्याला तहान लागते म्हणून दहाव्यापर्यंत त्या दगडावर तीळ-पाणी घालतात आणि मग तो नदीत सोडतात. आमच्या रामकुंडावर त्यासाठी कुठून कुठून माणसं येतात. आणि मी गाढव तिथूनच शोभेचे दगड वेचून आणले होते.

पण म्हणून मी लगेच शरण गेलो असं समजू नका. मी वाद घातला. म्हटलं, नदीत लाखो दगड असतात, त्यातला हाच कशावरून? आणि बरं, असेलही. पण कित्येक वर्षांनी माझं एक झाड धड वाढलंय! मुळं दगडात अशी शिरलीत की सोडवायला गेलं तर खोड तुटणार. झाड मरेल आई. एका दगडासाठी मी झाड का मारू?

आई शांतपणे म्हणाली, “तुझ्या बापाचा दगडही तिथेच सोडलाय. तो कुणी नेऊन टीव्हीशेजारी मांडला असता तर?”

 मला राग आला. कुणावर, तेही ठरवता येईना. त्या दिवसापासून आईने अंघोळीनंतर घंगाळात एक तांब्या पाणी घालायला सुरुवात केली. नाव माहीत नाही म्हणून नुसतंच “घ्या” म्हणायची. स्वतः धड जेवेना. म्हणायची, कुणाचं तरी माणूस आपल्याकडे अडकून पडलंय, घास उतरत नाही. आठवडाभर मी हट्ट धरला, मग तिचं ताट बघवेना.

एका सकाळी आम्ही तिघं रिक्षाने गंगेवर गेलो. दगड झाडासकट माझ्या मांडीवर, डब्यात. मी वाकून पाण्यात सोडला. हिरवी पानं क्षणभर उलटी झाली, आणि गेली. आईने ओंजळभर पाणी त्याच जागी सोडलं आणि म्हणाली, “आता पोटभर प्या.” मला बाजूच्या पायरीवर जाऊन नाक शिंकरावं लागलं. सर्दी होती.

त्यानंतर टाकीचं पाणी हललं नाही. आमच्या कारखान्यातले एक विद्वान ‘बाष्पीभवन’ म्हणाले. ठीक आहे. मग थंडीत उडणारं पाणी ऐन मे महिन्यात का उडालं नाही, हे त्यांनी मला सांगावं! तांबूस दगडांवरची दोन्ही झाडं पुढे कित्येक वर्षं होती, महिन्याला एक पान, त्यावर शेवाळ, आणि मी टूथब्रश घेऊन समोर.

आई काही वर्षांनी गेली. दहाव्याला गुरुजींनी तिचा दगड माझ्या हातात दिला आणि पायरीवरूनच सोडा म्हणाले. मी नाही सोडला. पंचा नेसलेला तसाच छातीभर पाण्यात चालत गेलो. मागून धाकटा भाऊ हाका मारत होता, कुणीतरी म्हणालं धक्का बसलाय त्याला. पार मध्यावर जाऊन, बुडी मारून, दगड गाळात हाताने दाबून आलो. कोपरापर्यंत.

स्पष्टीकरण माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आजही नाही. विश्वास तर नाहीच नाही. पण माझ्या आईला तहान लागली, तर कुणा हौशी माणसाच्या हॉलमध्ये तिला चोरून पाणी प्यायची वेळ येऊ नये... एवढंच.