समोर पळणारी घडी

हातघड्याळाला रोज चावी द्यावी लागायची, त्या दिवसांतली गोष्ट. लकडगंजमध्ये माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. कोराडीच्या वीजकेंद्रातला एक कामगार दर दोन-तीन महिन्यांनी यायचा. नाव मी कधी विचारलं नाही. भुवयांवर राख, काखेत डबा. स्टुलावर बसला की तो आधी डोळे मिटायचा आणि मनगट पुढे करायचा. घड्याळ मीच सोडून घ्यायचो.

"घडी समोर पळून राहिली जी."

पुढे पळणारं ते घड्याळ मी होकायंत्राजवळ नेलं, की सुई थरथरायची. त्याची ड्युटी मनगटाएवढ्या जाड तारांपाशी होती.

"तारेतून वीज वाहते ना, तिच्याभोवती चुंबकत्व असतं," मी सांगायचो. "ते स्प्रिंगमध्ये शिरतं, वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पळतं. ड्युटीवर घालत नका जाऊ."

"मंग सुट्टी झाली हे कसं समजन?"

मी तारेच्या वेटोळ्यात वीज सोडायचो आणि घड्याळ त्यातून सावकाश बाहेर ओढायचो. तारेनं चढलेलं तारेनंच उतरायचं. एकदा त्यानं आपला रिकामा हातच वेटोळ्यात घातला.

"ह्याचंबी उतरवून पाहा."

मी हसलो. तो हसला नाही.

शेवटचा आला तेव्हा त्याला फक्त पट्टा बदलायचा होता. घड्याळ वीस मिनिटं पुढे होतं. सवयीनं मी वेटोळं काढलं, तर त्यानं माझा हात धरला.

"राहू द्या जी. ते तरी माह्या आधी घरी पोचते."