हानुसचं तोंड

हानुसचा दिवस पहाटे तीनला सुरू व्हायचा. उन्हाळ्यात फेरो बेटांवर तेव्हा उजेडच असतो, त्यामुळे सबब चालायची नाही. नऊ फोटोवाले, नऊ ट्रायपॉड आणि कड्यापर्यंत ओल्या गवतातला दोन तासांचा चढ. त्यातले चार ट्रायपॉड हानुसच्या पाठीवर. वय एकोणसत्तर.

तोंडात एकही दात नव्हता. दर शरदात तो स्वतः मेंढा कापून फळ्यांच्या खोपटात वाऱ्यावर टांगायचा. तीन वर्षं ते वाळलेलं मांस शेजारी खात होते, हा रस्सा पीत होता. या हंगामाच्या मजुरीतून कवळी करायची, एवढ्यासाठी तो चढत होता.

सहल काढणाऱ्या रनवाला त्यानं ते सांगितलं.

"हंगाम संपेपर्यंत थांबा, हानुसकाका. लोक कडा बघायला येतात, पण फोटो तुमच्या तोंडाचा नेतात."

"मग भाव वाढव, पोरी. तोंड मोठंच आहे."

ती हसली. भाव तोच राहिला.

ऑगस्टात एकदा माथ्यावर धुकं उतरलं. दोन हातांवरचं दिसेना. हानुसनं नऊ जणांना एका दोरीत ओवलं आणि कड्याच्या कडेनं पाऊल पाऊल उतरवलं. "डावा पाय गवतात. दगडावर नाही. गवतात म्हटलं ना." तीन तास. दोरीनं तळहात सोलले. खाली त्यानं माणसं मोजली. नऊ भरली.

रनवा खोपटापाशी वाट बघत होती. भीती ओसरली तसे कॅमेरे निघाले. योप नावाच्या डच पाहुण्यानं टांगलेल्या मांसाचा तुकडा कापून हानुसच्या हातात दिला.

"आजोबा, चावा की."

"कशानं?"

"तीच तर गंमत."

रनवानं मानेनं खुणावलं. हानुसनं तुकडा हिरड्यांत धरला. लाळ गळली, मग रक्त आलं.

"आणखी जरा ओढा."

त्यानं ओढलं. दोरीचा फोटो कुणाकडेच नव्हता.

सप्टेंबरात मजुरी हाती आली. तिच्यात वरची कवळी झाली. खालची पुढच्या हंगामावर टाकली.

वसंतात तो रनवाकडे गेला. तिनं तोंडाकडे बघितलं.

"छान दिसता, काका. पण शेजारच्या बेटावरचा एक बोळका मिळालाय मला."

"वाट ठाऊक आहे त्याला?"

"शिकेल."

घरी येऊन हानुसनं मांस कापलं, वरचे दात त्यात रोवले. खाली हिरडीच. थोडा वेळ तो झटला. मग कवळी काढून पेल्यात ठेवली आणि रश्शाचं पाणी चढवलं.