कुणाला न विचारता खाल्लेला घास

मी गणित शिकवते आणि चांगलं शिकवते. दुसऱ्या कुणी हे म्हणेपर्यंत वाट बघत बसायचा माझा स्वभाव नाही, म्हणून आधीच सांगून टाकते. हैदराबादेत दिलसुखनगरच्या एका कोचिंग सेंटरमधली सकाळची मोठी बॅच माझ्याकडे आहे. इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेची मुलं, लांबलचक तास, मध्ये एक सुट्टी. आई-वडील मराठवाड्यातून इथं आले तेव्हा दोघांनाही सही करण्यापुरतंच लिहिता येत होतं. आमच्या खानदानात फळ्यासमोर उभी राहिलेली पहिली बाई मी. ही बॅच गेल्या वर्षी माझ्या हातून जायची वेळ आली होती, आणि त्याला कारण गणित नव्हतं, माझं पोट होतं.

एक गणित निम्मं सोडवून झालं होतं आणि माझा हात थरथरायला लागला. दरदरून घाम फुटला, फळ्यावरचं माझंच अक्षर मला लागेना. मार्कर हातातून सुटला आणि टेबल धरून मी खाली बसले. मुलं घाबरली. कुणीतरी पळत जाऊन खूप साखर घातलेला चहा आणला. तो पिऊन मी टुणटुणीत झाले, पुन्हा शिकवायला लागले, आणि तासाभरात पुन्हा तीच गत.

तारनाक्याला आमच्या घराजवळच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि म्हणाल्या, "तुमची शुगर वाढत नाही, पडते." सकाळी उपाशीपोटी गोड चहा आणि बिस्किटं खाऊन मी पळायची. साखर झर्रकन चढायची आणि तितक्याच झर्रकन खाली यायची. वर पुन्हा गोड प्यायलं की पुन्हा तोच खेळ. औषध काही नाही म्हणाल्या, जेवण सुधारा. घराबाहेर पडण्याआधी पोटभर भाकरी आणि उसळ खायची, दर दोन-तीन तासांनी अंडं, फुटाणे, शेंगदाणे असं काहीतरी पोटात टाकायचं. हात थरथरलाच तर आधी थोडी साखर, पण पाठोपाठ खरं अन्न.

सेंटरच्या मालकांना माझी काळजी वाटत होती, नाही असं नाही. पण ती त्यांनी अशी बोलून दाखवली: "मॅडम, आप आराम कर लेओ. फिर से ऐसा हुआ तो मॉर्निंग बॅच दूसरे सर ले लेते. आप पीछे बैठ के डाउट्स लेओ." पाठीमागे बसून! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पुन्हा असं होणार नाही, एवढंच बोलून मी निघाले.

मग मी पहाटे उठून ज्वारीची भाकरी आणि मुगाची उसळ खायला लागले. त्या वेळेला घास घशाखाली उतरायचा नाही, तरी उतरवला. गोड चहा सोडला. सुट्टीत खायला डबा न्यायला लागले आणि तिथंच गाडी अडली. आमच्या घरात कुणाला न विचारता घास तोंडात घालायचा नाही, ही शिस्त. डबा उघडला की "घ्या ना" हे माझ्या तोंडून आपोआप निघतं. आणि हैदराबादी माणूस "नक्को, नक्को" म्हणता म्हणता हात पुढे करतो. फिजिक्सचे सर अंडं उचलायचे, केमिस्ट्रीच्या मॅडम मूठभर शेंगदाणे घ्यायच्या, आणि माझ्या वाट्याला डब्याच्या तळाचं मीठ उरायचं. व्हायचं तेच झालं. एके दिवशी सुट्टीनंतरच्या तासाला हात पुन्हा थरथरला. पर्समधली साखर तोंडात टाकून, भिंतीला पाठ लावून मी तो तास कसाबसा निभावला.

घरी येऊन आईला म्हटलं, "उद्यापासून मी वर्गातच खाणार. फळ्यासमोर. एकटी. कुणाला विचारणार नाही."

आई भडकली. "लेकरं तोंडाकडं बघायलेत अन् तू एकटीच खायलीस? हेच शिकवलं व्हतं का म्या?"

तिचं दुखणं मला ठाऊक होतं. लहानपणी ती तिच्या आईबरोबर दुसऱ्याच्या शेतावर जायची. दुपारी मालकाची माणसं झाडाखाली जेवायला बसायची आणि ही समोर उभी असायची. कधी कुणी "घे गं" म्हटलं नाही. आपल्या घरात असं कधी होणार नाही, हे तिनं तेव्हाच ठरवलं होतं आणि आयुष्यभर पाळलं. आमच्या दारातून कुणी तोंडात काही न घालता गेलेलं मला आठवत नाही. मला तिच्या या गोष्टीचा फार अभिमान आहे. तरीही त्या संध्याकाळी मी ओरडले, "तुझ्या त्या विचारण्यापायी माझी बॅच जाईल!" ती आत निघून गेली. मला फार वाईट वाटलं, पण बोललेलं खोटं नव्हतं.

सकाळी ओट्यावर दोन डबे होते. मोठ्यात फुटाणे आणि शेंगदाणे, अख्ख्या स्टाफरूमला पुरतील इतके. लहान डब्यात उकडलेली अंडी आणि अर्धी भाकरी.

"ह्यो मोठा समद्यायचा," आई म्हणाली. "ह्यो बारका तुझा. ह्यातलं कुणाला दिलंस तर मला माय म्हनू नको."

त्या दिवशी गणित सोडवायला दिलं आणि मुलं वह्यांत डोकं घालून बसली तेव्हा मी फळ्यासमोर उभ्या उभ्या लहान डबा उघडला. सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. माझे कान तापले. मागच्या बाकावरचा एक आगाऊ पोरगा ओरडलाच, "मॅडम, हमकू?"

"नक्को," मी म्हटलं. "ये मेरी अम्मा मेरे वास्ते दी." आणि अख्खं अंडं संपवलं. वर्ग खो खो हसला. मी मार्कर उचलला आणि तास संपेपर्यंत शिकवत राहिले. अक्षर शेवटच्या ओळीपर्यंत सरळ होतं.

घरी आले तर आई दारातच होती. तिनं लहान डबा उघडून बघितला.

"लेकरं काय म्हनले?"

"हसले."

"हसू दे," आई म्हणाली. "तू उभी व्हतीस नं शेवटपस्तोर?"

"उभी होते, माय."