जुन्या सासरच्या शहरात दोन दिवस

दहावीचे पेपर तपासायला मला औरंगाबादला बोलावणं आलं, तेव्हा मी उदगीरच्या एका शाळेत मराठी शिकवत होते. आईला घेऊन शाळेजवळच भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होते. पत्र वाचून आई म्हणाली, "आजारी आहे म्हणून कळव." मी कळवलं नाही. त्या वर्षी आमच्या शाळेतून जाऊ शकेल असं दुसरं कुणी नव्हतं, आणि मुख्याध्यापकांना खरं कारण सांगायची माझी तयारी नव्हती. ते शहर मला नकोसं होतं. तिथं माझं सासर होतं. होतं म्हणजे, सोळा वर्षांपूर्वी.

गुलमंडीच्या मागच्या एका गल्लीत दोन खोल्या आणि वर गच्ची. सासरे एका सरकारी कचेरीत होते. मूळचे ते देवगाव रंगारीचे, तिकडं थोडी शेती. नवराही कारकून. तो माझ्याशी भांडला नाही, हात उगारला नाही, फक्त बोलायचा नाही. उन्हाळा असो, थंडी असो, गच्चीवर झोपायचा. त्याचं मन दुसरीकडं होतं, हे गल्लीतल्या बायकांना माझ्याआधी ठाऊक होतं. मला आठवतं ते गल्लीच्या तोंडाशी असलेल्या नळाचं. एक दिवसाआड पाणी यायचं, तेही भर दुपारी, आणि मी दोन घागरी घेऊन रांगेत उभी असायचे. बायका माझ्याकडं बघून बोलणं थांबवायच्या. दोन वर्षं आणि काही महिने मी तिथं काढले. मग पंचमीला माहेरी आले आणि मला न्यायला कुणी आलंच नाही. वडील दोनदा जाऊन हात हलवत परत आले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा माझ्या कपड्यांची ट्रंक घेऊन आले; पुस्तकं तिथंच राहिली. पुढं फारकतीचा कागद झाला, मी बी.एड. केलं, नोकरी लागली.

तर पेपरांचं काम गुरुवारी सुरू झालं. आम्हा बाहेरगावच्या बायांची राहायची सोय एका शाळेच्या वर्गात केली होती. शनिवारी दुपारी कळलं, की उरलेले गठ्ठे सोमवारी सकाळी येणार आणि राहायची ती शाळा रविवारच्या एका लग्नासाठी आधीच दिलेली आहे. ज्यांची गावं जवळ होती त्या निघाल्या. बाकीच्या कुणाच्या भावाकडं, कुणाच्या नणंदेकडं गेल्या. अंबाजोगाईच्या एका बाईंनी मला विचारलं, "तुमचं इथं कुणी आहे का?" मी "आहे" म्हणाले आणि पिशवी उचलून बाहेर पडले. उदगीरला जाऊन परत यायचं म्हणजे दोन्ही दिवस एसटीतच गेले असते.

मग मी स्टेशन रोडवरच्या एका लॉजवर गेले. लॉजवर राहायची आयुष्यातली ती पहिली वेळ. गल्ल्यावर साठीचे एक गृहस्थ बसले होते. दाढीला मेंदी, नाकावर चष्मा.

"साथ में कौन है?" त्यांनी माझ्या मागं बघितलं.

"कुणी नाही. मी एकटीच आहे."

"अकेली लेडीज को रूम नई देते, बाई. मालिक का हुकूम है."

मी पेपर तपासणीचं पत्र काढून पुढं ठेवलं. त्यांनी ते वरपासून खालपर्यंत वाचलं, शिक्का उजेडाकडं धरून बघितला.

"मास्टरनी हो क्या? फिर पैले बोलना था ना," ते म्हणाले. त्यांनी किल्ली दिली ती तळमजल्यावरच्या शेवटच्या खोलीची. तिला लागूनच ते स्वतः बायकोसह राहत होते. "कुछ भी लगा तो दीवार पे हात मारो. मेरे से पैले मेरी बीवी आएगी."

रविवारी सकाळी दारावर टकटक झाली. गल्ल्यावरच्या त्या गृहस्थांची बायको होती, लॉजवर सगळे त्यांना चाची म्हणायचे. डोक्यावर पदर, हातात झाकलेली थाळी. पिवळी खिचडी आणि चिंचेचा खट्टा. "गोश्त नई डाली," त्या आधीच म्हणाल्या. "तुमारा क्या चलता, क्या नई, मेरे को मालूम नई था." मी खात असताना त्या दारातच उभ्या राहिल्या. मुलं किती, हे त्यांनी विचारलं. नाहीत म्हटल्यावर मान हलवली आणि आणखी खिचडी वाढू का म्हणून विचारलं.

दिवसभर खोलीत पुस्तक वाचत पडायचं असं मी ठरवलं होतं. नऊ वाजता लाइट गेली, पंखा थांबला. एप्रिलचं ऊन खिडकीतून आत आलं. मी चप्पल घातली आणि बाहेर येऊन रिक्षाला हात केला. कुठं जायचं विचारल्यावर तोंडातून निघून गेलं, "पाणचक्की."

मी पाणचक्की बघितलेली नव्हती. आमच्या गल्लीपासून ती चालत जाण्याइतकी जवळ, परगावचे लोक बघायला येणार, आणि मी दोन वर्षं तिथं राहूनही मला कुणी नेलं नव्हतं. आत गेले तर उंच भिंतीवरून पाणी हौदात पडत होतं. हर्सूलच्या पलीकडून मातीच्या नळांतून येतं म्हणे, शेकडो वर्षं येतंय. हौदात मासे होते आणि वडाच्या सावलीला घरंच्या घरं डबे उघडून बसली होती. मी काठावर बसले. दोन घागरींसाठी तासभर रांगेत उभी राहणारी मी मला दिसत होते आणि समोर पाणी नुसतं पडत होतं. मला रडू आलं नाही. राग आला, आणि तोही कुणावर हे धड ठरेना. एकट्या बाईकडं लोक बघत होते, म्हणून थोड्या वेळानं उठले.

परत चालतच निघाले. औरंगपुऱ्याची भाजी मंडई लागली तशी आत वळले. का वळले ते मला आजही नीट सांगता येत नाही. लॉजवर चूल नव्हती, भाजी घेऊन करणार काय? दर रविवारी सासूबाईंच्या मागून पिशवी धरून मी ज्या वाटेनं फिरायचे, त्याच वाटेनं पाय गेले.

"बाई, जरा ही वांगी बघ गं. किडकी हायेत का? मला नीट दिसंना."

चेहरा बघायच्या आधी आवाज ओळखला, सासूबाईंचा. एका वांगीवालीसमोर त्या उकिडव्या बसल्या होत्या. एका डोळ्यावर ऑपरेशनची हिरवी पट्टी, दुसरा डोळा पाणावलेला. नऊवारी तशीच आवळून नेसलेली, पण आत माणूस निम्मं झालेलं. तिथं दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून मला विचारलं एवढंच.

निघून जाता आलं असतं. पण मी खाली बसले आणि वांगी निवडायला लागले. एकेक वांगं फिरवून, बुडाशी भोक आहे का बघून. हे त्यांनीच शिकवलं होतं. लग्नानंतर पहिल्यांदा मी वांगी निवडली ती किडकी निघाली, तेव्हा त्यांनी ती चिरून ताटात मांडली होती आणि जेवायच्या वेळी सगळ्यांना दाखवली होती. ते ताट मी बरीच वर्षं विसरले नव्हते.

माझ्या हातातून एकेक वांगं घेऊन त्या चाचपत होत्या आणि पिशवीत टाकत होत्या. सातव्या-आठव्या वांग्याला त्यांनी माझं मनगट धरलं.

"तू हायस व्हय?"

"हो, आत्याबाई."

त्यांनी मनगट सोडलं. मग म्हणाल्या, "अजून दोन घे. लहान बघून घे."

मी दोन घेतली.

मंडईच्या बाहेर रसवंती होती. "ऊन लई झालंय, बस जरा," असं म्हणून त्या बाकड्यावर बसल्या. मीही बसले. रस आला, तरी बराच वेळ दोघींनी ग्लासला हात लावला नाही.

"कुठं असतीस?"

"उदगीरला. शाळेत शिकवते."

"ऐकलं होतं. आईवडील?"

"आई माझ्याजवळ असते. वडील गेले, सात वर्षं झाली."

"दोनदा आलते आमच्याकडं. पाणी बी न घेता गेले."

"तिसऱ्यांदा आले तेव्हा तुम्ही ट्रंक दिलीत." हे बोलायचं मी ठरवलेलं नव्हतं.

"व्हय. दिली." त्यांनी ग्लास उचलला, एक घोट घेतला. "माझं चुकलं असं वाटतं. रोज नाय वाटत. कधी कधी वाटतं. म्या बोलले असते तर त्यानं ऐकलं असतं का नाय, ते म्हाईत नाय. पण म्या बोललेच नाय."

त्या रडल्या असत्या, हात जोडले असते, तर माझा विश्वास बसला नसता. या बोलण्यावर बसला. मी त्यावर "जाऊ द्या" म्हणाले नाही, कारण तसं मला वाटत नव्हतं. त्यांनीही त्याची वाट बघितली नाही.

"तुझी पुस्तकं हायेत अजून," त्या म्हणाल्या.

"मला वाटलं रद्दीत गेली असतील."

"माळ्यावर होती. पोरगी वाचती आता. त्याची पोरगी. सातवीत हाय. बापावर नाय गेली, बोलती लई. पहिल्या पानावर तुझं नाव हाय, ते तिनं खोडलं नाय. त्याच्याखाली आपलं लिवलं."

"मी कोण म्हणून सांगितलंत तिला?"

"आधी आपल्या घरात राहायची म्हणलं. खोटं काय त्यात? पायजेत का तुला परत? पाठवून देते."

बी.एड.च्या वर्षी त्या पुस्तकांसाठी माझा जीव तुटला होता. उसनी आणून, रात्री नोट्स उतरवून दिवस काढले होते. नवऱ्याला मुलगी आहे हे ऐकून काहीतरी टोचेल असं वाटलं, पण तिला त्यातलं कुठलं पुस्तक आवडतं, एवढंच मला जाणून घ्यावंसं वाटलं. मी विचारलं.

"मला काय कळतंय त्यातलं. पण एक लई फाटलंय."

"राहू द्या तिच्याकडं," मी म्हणाले.

एवढ्या उन्हात कुठं फिरत होतीस, असं त्यांनी विचारलं. पाणचक्की बघून आले, असं मी सांगितलं.

"कशी हाय? म्या नाय बघितली."

मला वाटलं त्या थट्टा करतात. पण त्या कधीच थट्टा करायच्या नाहीत.

"इतकी वर्षं इथं राहून?"

"कोण नेतंय? देवगावहून आले तवा मला रस्त्याचं भ्या वाटायचं. टांगे, सायकली, नुसती माणसं. घर, मंडई आन् देऊळ, तेवढी वाट पाठ केली. अजून बी तेवढीच हाय. मला हे गाव कधी आवडलंच नाय. बोलायचं कुणापाशी?"

दोन वर्षं मी धरून चालले होते, की ही बाई मला मुद्दाम कोंडून ठेवते, घर, मंडई आणि देऊळ सोडून कुठं जाऊ देत नाही. तिच्याजवळ तेवढेच रस्ते होते. तेच तिनं मला दिले होते.

"चला, दाखवते पाणचक्की. रिक्षानं जाऊ, लांब नाही," मी म्हणाले.

त्यांनी जरा विचार केला. खरंच केला, पिशवी मांडीवरून खालीसुद्धा ठेवली. मग पुन्हा उचलली. "नको आज. भाजी सुकंल."

मी पिशवी घेतली. त्यांनी माझ्या कोपराला धरलं आणि आम्ही गुलमंडीकडं निघालो. सायकलवाला जवळून गेला की त्यांची बोटं घट्ट व्हायची. गल्लीच्या तोंडाशी नळ तसाच होता. तिथं त्या थांबल्या.

"इथंच दे. रविवारचा घरी असतो तो."

"मला यायचंही नव्हतं."

"व्हय, ते बी खरं." पिशवी घेताना त्यांनी विचारलं, "उतरलीस कुठं?"

"लॉजवर."

"एकली? आन् भ्या नाय वाटलं?"

"वाटलं थोडं."

त्यांनी मान हलवली. माझ्या गालाकडं हात नेला, पण नीट दिसत नसल्यानं अंदाज चुकला आणि हात खांद्याला लागला. तो तसाच क्षणभर ठेवून त्या गल्लीत वळल्या. भिंतीला हात लावत चालल्या होत्या. दुसऱ्या टोकाकडून दोन वेण्या घातलेली एक मुलगी पळत आली आणि तिनं पिशवी घेतली. मी लगेच माघारी फिरले.

सोमवारी गठ्ठे आले, काम संपलं, मंगळवारी मी उदगीरला पोचले. आईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"तिची पिशवी उचललीस?"

"उचलली."

आई दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी नेहमीसारखी झाली. तो विषय तिनं परत काढला नाही, मीही नाही. तिच्या बाजूनं ती बरोबर होती. वडील तिथं उन्हात तिष्ठत बसल्याचं तिनं ऐकलं होतं, आणि ती काही वांगी निवडायला गेली नव्हती.

पुढं चार-पाच वेळा कामानिमित्त मला औरंगाबादला जावं लागलं. त्याच लॉजवर उतरायचे, चाची खिचडी आणायच्या. शहर आवडायला लागलं असं मी म्हणणार नाही. दुपारी मला तिथं अजूनही करमत नाही. एका रविवारी मात्र मी मुद्दाम मंडईत गेले आणि तासभर थांबले. म्हातारी दिसली नाही. गल्लीत जाऊन विचारता आलं असतं. मी पाव किलो चिंच घेतली, चाचींना दिली आणि संध्याकाळच्या एसटीचं तिकीट काढलं.