सेंटकाकांची झिजलेली नाणी

सेंटकाका भेटले की ‘कसे आहात’ असं कधी विचारत नसत. ते विचारत, “खिशात काय आहे?” समोरचा माणूस अमेरिकेतल्या आमच्या सनीव्हेलमध्ये नवा असला तर गोंधळायचा. जुना असला तर मुकाट्याने खिशातली चिल्लर काढून त्यांच्यापुढे धरायचा. काका चष्मा कपाळावर ढकलून एकेक नाणं उलटंसुलटं करत, कडेकडून बघत आणि सगळं परत देत. एखादं वेगळं निघालं तर म्हणत, “हे बाजूला ठेव. याच्याकडे सांगण्यासारखं आहे.”

त्यांचं आडनाव मेश्राम. मूळचे नागपूरकडचे. चिप बनवणाऱ्या एका कंपनीत ते केमिस्ट होते आणि आमच्याच अपार्टमेंटच्या आवारात मागच्या इमारतीत राहायचे. अमेरिकेच्या पैशाला सेंट म्हणतात, त्यावरून मराठी मंडळींनी त्यांना हे नाव दिलं होतं. मला मात्र आल्या आल्या वाटलं होतं की हे गृहस्थ अत्तर फार लावत असणार. पहिल्या भेटीत मी नकळत वास घेऊन पाहिला. कपडे धुण्याच्या साबणाचा वास आला, कारण आमची पहिली भेट झालीच मुळी लाँड्रीरूममध्ये.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. लग्न होऊन पुण्याहून आले होते. माझा नवरा अनिल सकाळी कंपनीत जायचा, मला गाडी चालवता येत नव्हती, आणि दिवसभरातला माझा मोठा प्रवास म्हणजे टोपली घेऊन लाँड्रीरूमपर्यंत. त्या दिवशी मी मशीनमध्ये क्वार्टर, म्हणजे पंचवीस सेंटचं नाणं, टाकणार, तेवढ्यात मागून मराठीत आवाज आला, “थांब जरा. ते टाकू नको.”

मी दचकून वळले. काकांनी हात पुढे केला, माझं नाणं उजेडात धरलं आणि त्याची कड दाखवली. “आपल्या दुसऱ्या नाण्याची कड पाह्य. मधून तांबूस रेघ गेली आहे ना? आत तांबं आहे म्हणून. याला रेघ नाही. हे चांदीच्या काळातलं. मशीनला काही फरक पडत नाही, पण तुला पडला पाहिजे.” मग त्यांनी आपल्या खिशातला एक साधा क्वार्टर मशीनमध्ये टाकला आणि चांदीचा माझ्या हातावर ठेवला. “हे तुझं आहे. सांभाळ.”

त्या देशात ‘हे तुझं आहे’ असं मला कुणीतरी पहिल्यांदाच म्हटलं होतं. घरी जाऊन मी घरातली सगळी चिल्लर पलंगावर ओतली आणि कडा बघत बसले. अनिल आला तेव्हा स्वयंपाक झालेला नव्हता.

त्यानंतर दर शनिवारी लाँड्रीची वेळ आम्ही जुळवून घेऊ लागलो. मशीन फिरत असे आणि काका रुमालावर चारदोन नाणी मांडून बोलत असत. एका जुन्या सेंटवर पिसांचा मुकुट घातलेला चेहरा होता. सगळे त्याला इंडियन म्हणत. काका म्हणाले, “ही इथली स्वातंत्र्यदेवी. चित्र काढणाऱ्याने तिला मुकुट तेवढा इथल्या मूळ लोकांचा घातला.” दहा सेंटच्या एका छोट्या डाइमवर पंख लावलेली टोपी घातलेला चेहरा होता, त्याला लोक एका रोमन देवाचं नाव द्यायचे. “तीपण हीच बाई,” काका हसून म्हणाले. “टोपी बदलली की माणूस बदलला असं वाटतं लोकांना. नीला, चेहरा पाहायची सवय ठेव.” महायुद्धात तांबं तोफगोळ्यांना लागलं म्हणून एक वर्ष सेंट पोलादाचे काढले होते. तो सेंट त्यांनी लोहचुंबकाला चिकटवून दाखवला, तेव्हा मला शाळेत गेल्यासारखं वाटलं. इतिहास मी कॉलेजात शिकले होते. तो असा हातात कधी आला नव्हता.

पण काकांची खरी ओढ होती ती झिजलेल्या नाण्यांची. बाकीचे छंदवाले कोरं, चकचकीत नाणं शोधत. काका नाण्यांच्या दुकानदाराच्या टाकाऊ डब्यात हात घालत. मूर्तीचं नाक गेलेलं, अक्षरं विरलेली, सन पुसलेला, असं काही मिळालं की खूश. मी एकदा विचारलं, “काका, यात उरलंय काय?” ते म्हणाले, “कोरं नाणं कपाटात राहिलेलं असतं. हे जगलं आहे.” यापलीकडे त्यांनी काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

गावात नाणी जमवणाऱ्यांचा एक क्लब होता. महिन्यातून एकदा लायब्ररीच्या मागच्या हॉलमध्ये सभा. मी ड्रायव्हिंग शिकल्यावर काका मला तिथे नेऊ लागले, म्हणजे खरं तर मीच त्यांना नेत असे. हायवेवर गाडी चालवताना त्यांचा जीव घाबरा व्हायचा. क्लबचे अध्यक्ष हॅरल्ड नावाचे, नौदलातून निवृत्त झालेले उंच गृहस्थ. नाणं धरायचं ते फक्त कडेने, अंगठा आणि बोट यांच्यामध्ये, चेहऱ्याला हात लागता कामा नये, हा त्यांचा नियम. कुणी विसरलं तर घसा खाकरत. काकांशी ते आदराने वागायचे, पण त्यांच्या झिजलेल्या नाण्यांच्या डब्याकडे पाहून मान हलवायचे.

क्लबचं वार्षिक प्रदर्शन असायचं. सभासदांनी काचेची एकेक पेटी मांडायची, परीक्षक बघणार, उत्तम पेटीला बक्षिसाची फीत. त्या वर्षी काकांनी नाव दिलं. पेटीत काय, तर सगळी झिजलेली नाणी. हॅरल्ड समजुतीच्या सुरात म्हणाले, “मित्रा, निम्म्यांवर सनच नाही. ज्याची ओळख पटत नाही ते नाणं मांडता येत नाही. नियम आहे.”

“ओळख पटवून दिली तर?” काकांनी विचारलं.

“तुम्ही केमिस्ट आहात,” हॅरल्ड म्हणाले. “त्या गव्याचं चित्र असलेल्या पाच सेंटच्या निकेलवर ॲसिडचा थेंब टाका. पुसलेला सन वर येतो. बरेच जण करतात.”

काकांच्या हाताखाली रोज असली रसायनं असायची. त्यांना हे ठाऊक नसणं शक्यच नव्हतं. ते म्हणाले, “सन येतो. पण बाकीचा चेहरा जळतो. एक गोष्ट कळावी म्हणून बाकीच्या सगळ्या पुसायच्या, हे मला जमणार नाही.”

पुढचे काही शनिवार आमचे कपडे मशीनमध्येच पडून राहिले. काका भिंग घेऊन बसत आणि मी ग्रंथालयातून आणलेली पुस्तकं चाळत असे. एक क्वार्टर असा होता की त्यावर देवी एका पायरीवर उभी आहे. सन त्या पायरीवरच होता, पण तो उठावाचा, त्यामुळे सगळ्यात आधी तोच झिजायचा. लोकांच्या तक्रारी आल्या, तेव्हा टांकसाळीने पुढच्या नाण्यांवर सन खोल कोरला, मग तो टिकू लागला. हे वाचल्यावर काकांनी भिंग खाली ठेवलं. “म्हणजे पाह्य, सन गेला आहे, यावरूनच हे आधीचं ठरलं. पुसलं गेलं हीच त्याची ओळख.” आणि ते बराच वेळ एकटेच हसत राहिले. मग इतर खुणा शोधल्या: गरुडाखालचे तारे, देवीच्या अंगावरचं चिलखत. एकेका नाण्याची जागा ठरत गेली. हॅरल्डनी सगळं तपासलं, एकदोन ठिकाणी वाद घातला आणि पेटी मान्य केली.

प्रदर्शनाच्या दिवशी काकू हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ड्युटीवर होत्या, म्हणून सुजाताला आमच्याबरोबर यावं लागलं. सुजाता काकांची मुलगी, तिथेच जन्मलेली, हायस्कूलला जाणारी. मराठी सगळं समजायचं, उत्तर इंग्रजीत. “माय डॅड कलेक्ट्स जंक,” हे तिने मला गाडीतच सांगून टाकलं होतं. हॉलमध्ये ती कोपऱ्यातल्या खुर्चीवर कानाला वॉकमन लावून बसली.

काकांनी काचेच्या पेटीपुढे एक उघडी थाळी ठेवली होती, तसल्याच झिजलेल्या नाण्यांची. शेजारी पाटी: कृपया हात लावा. त्या हॉलमध्ये ही पाटी म्हणजे जवळजवळ बंड होतं. आधी कुणी पुढे येईना. मग एका म्हाताऱ्या बाईंनी अर्ध्या डॉलरचं एक गुळगुळीत नाणं उचललं, अंगठ्याने घासलं आणि म्हणाल्या की मंदीच्या काळात त्यांची आई असंच एक नाणं बुटात ठेवून कामाला जायची. तळपायाला टोचत राहिलं की ती निश्चिंत असायची. काकांनी त्यांना खुर्ची दिली आणि विचारलं, “कुठल्या पायात?” बाईंना आठवलं: डाव्या. यानंतर माणसं जमत गेली. कुणी टेलिफोन बूथचं सांगे, कुणी चर्चच्या दानपेटीचं. काका सांगत कमी होते, विचारत जास्त होते. शेजारच्या कोऱ्या नाण्यांच्या पेटीपुढे शांतता होती.

गर्दी जरा ओसरल्यावर हॅरल्ड आले. “आता सांगा,” ते म्हणाले. “झिजलेलीच का?”

काका नेहमीच्या सुरात, एखाद्या नाण्याची माहिती द्यावी तसे, इंग्रजीत बोलू लागले. “माझ्या लहानपणी आमच्या गावच्या बाजारात माझ्या वडिलांना दुकानाच्या पायरीवर चढता येत नसे. आमची जात अस्पृश्य मानायचे. वडील नाणं जमिनीवर ठेवायचे. दुकानदार त्यावर पाणी शिंपडायचा, मग उचलायचा. मीठ वरूनच वडिलांच्या धोतरात टाकायचा. आणि तेच नाणं थोड्या वेळाने पुढच्या गिऱ्हाइकाला हातात द्यायचा. राग मला फार नंतर आला. त्या वयात नुसता प्रश्न पडायचा की हे नाणं इतक्या हातांतून जातं, त्याला कसं कळत नाही कुठला हात कुणाचा? या नाण्यांवर ज्यांचे हात फिरलेत त्यातले काही मालक असतील, काही गुलामांची मुलं असतील. सगळ्यांनी मिळून याला गुळगुळीत केलं आहे. कुणी किती, ते वेगळं काढता येत नाही.”

हॅरल्डनी थाळीतलं नाणं उचललं. नेहमीसारखं कडेने. मग ते त्यांनी तळहातावर घेतलं आणि मूठ मिटली. मी वळून पाहिलं तर सुजाता आमच्या मागे उभी होती. वॉकमन गळ्यात होता.

फीत काकांना मिळाली नाही. ती एका चकचकीत डॉलरच्या पेटीला गेली, आणि पेटी खरंच देखणी होती. काकांनी त्या माणसाशी मनापासून हस्तांदोलन केलं.

परतताना गाडीत मागच्या सीटवरून सुजाता म्हणाली, “बाबा, व्हिच व्हिलेज?” काकांनी नाव सांगितलं. “व्हाय डिडन्ट यू टेल मी?”

“तू विचारलं नाहीस, बेटा.”

“मला माहीतच नव्हतं विचारायचं असतं ते,” ती इंग्रजीत म्हणाली.

“बरोबर आहे,” काका म्हणाले. “ते मी सांगायला पाहिजे होतं.” मग ती विचारत गेली: आजोबांचं नाव, दुकान कसलं होतं, पुढे काय झालं, बाबासाहेबांच्या मागून सगळे बौद्ध झाले तेव्हा आजोबा काय म्हणाले. काकांना सगळंच आठवत नव्हतं. मी घराकडचं वळण मुद्दाम सोडलं आणि गाडी सरळ पुढे नेली.

दशक संपत आलं तेव्हा कंपनीने काकांना ॲरिझोनात, चँडलरच्या कारखान्यात पाठवलं. तिथे गेल्यावर तीनेक वर्षांनी हृदयविकाराने ते गेले. त्यांची आठवण निघाली की मला ते चँडलरला जाण्याआधीचा निरोपाचा शनिवार दिसतो. सुजाताने तिला हवी ती नाणी निवडून घेतली होती. उरलेल्यांचं काय करणार, असं मी विचारलं. काका म्हणाले, “चालवणार.”

“म्हणजे?”

“खर्च करणार. नाण्याचं काम फिरणं आहे. मी यांना फार दिवस अडवून ठेवलं.”

अनिल म्हणाला, यार काका, नुसत्या चांदीचे पैसेसुद्धा नाण्याच्या किमतीहून जास्त येतील. काकांनी ऐकून घेतलं आणि मला गाडी काढायला सांगितलं. दिवसभर आम्ही गावभर हिंडलो. पेट्रोलपंप, डोनटचं दुकान, पोस्ट. काका ती नाणी देत आणि दुकानदार न बघता गल्ल्यात टाकत. काकांच्या चेहऱ्यावर समाधान असे, पण दर वेळी ते क्षणभर थांबत, कुणी काही विचारतंय का म्हणून.

शेवटी किराणा दुकानात गल्ल्यावरच्या कॉलेजातल्या पोरीने अर्धा डॉलर हातात घेतला आणि ती थांबली. नाण्यावर झगा घातलेली देवी चालत होती, चेहरा पार विरलेला. “हे चालतं का?” तिने विचारलं.

“चालतं,” काका म्हणाले. “तुझ्या आजीच्या वेळेपासून चालतंय.”

“ही कोण आहे?”

काका सांगू लागले. देवी सूर्याकडे का निघाली आहे, तिच्या हातात फांद्या कसल्या, चेहरा आधी का झिजतो. रांगेतली माणसं आधी कुरकुरली, मग पुढे वाकून ऐकू लागली. पोरीने आपली पर्स उघडली, आपल्या पैशांतून तेवढी भर गल्ल्यात घातली आणि ते नाणं शर्टाच्या खिशात ठेवलं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, “काका, तिने तर ते अडवलंच. तुम्हाला चालवायचं होतं ना?”

काका पार्किंगमध्ये थांबून काचेतून आत बघत होते. पोरगी पुढच्या गिऱ्हाइकाला खिशातून काढून काहीतरी दाखवत होती.

“थांब जरा,” काका म्हणाले. “ती काय सांगते आहे ते पाहू दे.”