शिट्टीकाकू

मॅच संपवून ही गाडीत येऊन बसली आणि पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टाचा गळा मागे ओढून तिने मान माझ्यापुढे केली. मी खिशातून मंगळसूत्र काढलं. हूक काही बसेना. माझी बोटं आता जाड झालीत, आखडलीत, आणि गाडीतला दिवा म्हणजे नावाला दिवा. त्यात ही मान एका जागी धरायची नाही. कधी बूट सोडायला वाकणार, कधी जिमच्या दाराकडे बघणार, पोरी नीट गेल्या का म्हणून. दोनतीनदा निसटल्यावर ती म्हणाली, "राहू द्या. मान अवघडली माझी. उद्या सकाळी लावा." मी ते परत शर्टाच्या खिशात टाकलं आणि गाडी सुरू केली. घरी आल्यावर खिचडी खाल्ली, ती दोन्ही गुडघ्यांवर फ्रोझन मटारच्या पिशव्या ठेवून बसली आणि मग झोपायला गेली. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम हे. तेही अर्धंच राहिलं.

इथल्या, अर्विंग गावातली आपली मराठी पोरं तिला शिट्टीकाकू म्हणायची. मी 'ही' म्हणतो, तसंच लिहितो. मंडळाच्या मुलांनी अंकासाठी लिहा म्हणून सांगितलं. मी सातवी शिकलेला माणूस, गाडी चालवता येते तेवढी लेखणी चालवता येत नाही. चुकलं तर सुधारून घ्या.

हायस्कूलच्या मुलींच्या बास्केटबॉल मॅचेसना ही पंच म्हणून जायची. पंचाच्या अंगावर दागिना चालत नाही, असं ती सांगायची. पुस्तकात तसंच आहे की तिने आपल्या मनाने कडक करून घेतलं, मला माहीत नाही, पुस्तक इंग्रजीत होतं. लांब मंगळसूत्र डोक्यातून काढता येतं, पण तिने इथं आल्यावर छोटं, हुकाचं करून घेतलं होतं. मग प्रत्येक मॅचच्या आधी पार्किंगमध्ये मी ते काढायचं, खिशात ठेवायचं आणि मॅच झाली की परत घालायचं. लग्नात भटजींनी माझ्याकडून एकदाच घालून घेतलं. हिने किती वेळा घालून घेतलं त्याला हिशोब नाही.

तिच्या भावाने बोलावलं म्हणून आम्ही देश सोडून इकडे आलो. मी ग्रोसरीच्या दुकानाची व्हॅन चालवायचो, ही एका शाळेच्या कॅफेटेरियात मुलांना जेवण वाढायची. काम संपलं तरी जिमच्या, म्हणजे शाळेतल्या छपराखालच्या मैदानाच्या, दारात उभी राहून मुलींचा खेळ बघायची. तिथं कुणीतरी सांगितलं की पंच कमी पडताहेत, शिकवतात, पैसेही देतात. चाळिशी उलटून गेलेली बाई घरी येऊन मला म्हणाली, "मी शिट्टी वाजवायला जाणार आहे." मला वाटलं कुकरचं काहीतरी बोलतेय.

तिचं इंग्रजी माझ्याएवढंच, कामापुरतं. पण शिट्टीला आणि हातवाऱ्यांना इंग्रजी लागत नाही. एकदा वाजवली की मागे घ्यायची नाही. कोच ओरडू दे, आईबाप ओरडू दे. फार झालं तर म्हणायची, "कोच, प्लीज सिट." एवढंच. साधी गाडी हायवेला चालवायची म्हटलं तर हिला घाम फुटायचा, शेजारून ट्रक गेला की डोळे मिटायची, स्टिअरिंग हातात असताना. तीच बाई सहा फुटी कोचसमोर पापणी हलवायची नाही. म्हणून गाडी माझ्याकडे आली. प्लेनो म्हणू नका, कुठं कुठं म्हणू नका, सगळ्या शाळांची जिमं मला पाठ झाली.

मला तिने आधीच सांगून ठेवलं होतं. "जिममध्ये तुम्ही माझे नवरे नाही. ड्रायव्हर. ड्रायव्हरने वर कोपऱ्यात बसायचं आणि बोलायचं नाही." आता तुमच्या बायकोला शंभर माणसं आंधळी म्हणताहेत आणि तुम्ही हातात चहाचा थर्मास घेऊन गप्प बसायचं, हे करून बघा. एकदा शेजारी एक दांडगा बाप बसला होता. हिने त्याच्या पोरीचा फाऊल दिला आणि त्याने तोंड सोडलं. मध्येच माझ्याकडे वळून प्रेमाने विचारलं, तुझी कोणती? इथं सगळे असंच विचारतात, म्हणजे खेळणाऱ्यांतली मुलगी कोणती. मी बोट दाखवलं. शिट्टीवाली. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग उरलेले पॉपकॉर्न मला देऊन टाकले आणि मॅच संपेपर्यंत तो नुसता टाळ्या वाजवत होता, दोन्ही टीमसाठी.

आपल्या लोकांचं वेगळं. एका पुण्याच्या बाईंची मुलगी, ईशा, नाकात चमकी घालून आली. हिने काढायला सांगितली. आई खाली उतरून आली. काकू, नवीनच टोचलंय, वर टेप लावलीय, आणि तुम्ही आपल्या असून असं करता? हिने शर्टाचा गळा बाजूला करून तिला रिकामा गळा दाखवला. म्हणाली, "माझंसुद्धा काढून ठेवलंय. वर तो म्हातारा बसलाय ना, त्याच्या खिशात आहे." पोरगी हसायला लागली. चमकी काढून, टिश्यूत गुंडाळून सरळ माझ्याकडे घेऊन आली, "काका, होल्ड धिस." त्या दिवसापासून माझा खिसा म्हणजे पेढी झाला. कुणाच्या रिंगा, कुणाचं ब्रेसलेट, समोरच्या टीमच्या पोरीसुद्धा आणून द्यायच्या. परत देताना ही लांबून बघायची, अदलाबदल होते का म्हणून. माझ्यावर तिचा एवढाच विश्वास.

एक कोच होती, उंच, आवाज असा की भिंतीवरचा स्कोअरबोर्ड हलावा. पोरींवर जीव टाकायची, आणि पंचांच्या जिवावर उठायची. एका मॅचमध्ये दोन मुली एकमेकींवर आदळल्या. कोण कुणावर आदळलं यावरून हिने निकाल कोचच्या विरुद्ध दिला आणि मॅच तिथंच फिरली. आम्ही गाडीत बसून हुकाशी झटापट करत होतो, तेवढ्यात कोच खिडकीशी आली. भांडायलाच आली होती. काच खाली केली तर तिला दिसलं, म्हातारा म्हातारीच्या मानेशी खटपट करतोय. तिने फोनचा टॉर्च लावला आणि हूक बसेपर्यंत धरून उभी राहिली. मग म्हणाली, मला अजून वाटतं चूक तुझीच होती. ही म्हणाली, "ओके, कोच. गुड नाइट." दोघी पुढे इतकी वर्षं भांडल्या, पण टॉर्च दर वेळी कोचचाच.

शाळेत असताना ही स्वतः खेळायची, नागपुरात. ते तिने मला एकदाच सांगितलं. फायनल होती. पोरी ड्रेस घालून, वेण्या वर बांधून ग्राउंडवर उभ्या. मुलींच्या मॅचचा पंच आलाच नाही. थोडी वाट बघून सर म्हणाले, ग्राउंड रिकामं कशाला ठेवायचं, मुलांचा सराव घेऊ. मुली कडेला बसून मुलांचा सराव बघत राहिल्या. पुढच्या वर्षी तिचं लग्न लावून दिलं, माझ्याशी. मी विचारलं, मग तुमची मॅच कधी झाली? म्हणाली, "कधी होणार? नाहीच झाली."

इथं आईबापांच्या शिव्या खाऊन पंच सोडून जातात. माणसं कमी पडली की आहेत ते मोठ्या मॅचेसना पाठवतात, आणि कॅन्सल होते ती नववीच्या मुलींची, त्यातही कच्च्या, दुसऱ्या फळीच्या टीमची. जिथं बघायला चार आया आणि एक कुत्रा असतो. ही नेमक्या त्या मॅचेस मागून घ्यायची. मॅचेस वाटून देणारा एक साहेब असतो, असायनर म्हणतात त्याला. त्याला माहीत होतं, सगळ्यांनी नाही म्हटलं की शेवटी हिला फोन करायचा. घरी परतताना गाडीत ती डोळे मिटून टेकून बसायची आणि म्हणायची, "झाली ना मॅच." बाकी कुणी काय बोललं, कोण जिंकलं, एक शब्द नाही.

पण शरीर ऐकत नव्हतं. या हिवाळ्यात अपार्टमेंटचा जिना चढताना ती मध्ये थांबायला लागली. डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या, हिने सीझन संपल्यावर करू म्हणून ठेवून दिल्या. आमच्या मुलाने प्लेनोहून येऊन समजावलं, मी समजावलं. माझं समजावणं म्हणजे कसं, मी म्हटलं, "मरशील एक दिवस त्या पोरींच्या मागे पळता पळता." ती म्हणाली, "त्यांच्या मागे कुठं, त्यांच्या बरोबरीने पळते मी." आणि बुटांना पॉलिश करत बसली.

त्या शेवटच्या दिवशी दुपारी असायनरचा फोन आला. कुणी मिळत नाही, तू गेलीस तर होईल, नाहीतर कॅन्सल. मी मानेनेच नाही म्हणत होतो. तिने माझ्याकडे पाठ केली आणि येस सर म्हणाली. तिथं गेलो तर जोडीदार पंच आलाच नाही. नियमाने दोघं हवेत, पण दोन्ही टीमच्या पोरी ड्रेस घालून उभ्या होत्या. ही एकटीने धावली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. टाइमआउट झाला की टेबलाला हात टेकून उभी राहायची. एकदा तिने वर माझ्याकडे बघितलं. मी हाताने विचारलं, बस झालं का? तिने बोट वर केलं, म्हणजे गप्प बसा, आणि शिट्टी वाजवली. त्या पोरींना धड पास देता येत नव्हता. एकीने आपल्याच बास्केटमध्ये बॉल टाकला आणि आनंदाने नाचली. हिने तिच्या पाठीवर थाप मारली आणि पॉइंट समोरच्यांना दिले.

गाडीत म्हणाली, "झाली ना मॅच." मग ते हुकाचं झालं. ते सांगितलंच.

ती पळताना गेली नाही. झोपेत गेली. सकाळी मी चहा करून तिचा कप पलंगाशी ठेवला, हाक मारली, अजून मारली. हात गार लागला. मी तिथंच बसून राहिलो, किती वेळ ते ठाऊक नाही, चहावर साय आली होती.

मग उठून खुर्चीवरच्या शर्टाच्या खिशातून मंगळसूत्र काढलं. तिचं डोकं जरा वर उचललं, उशी सरकवली, केस बाजूला केले. या वेळी हूक लगेच बसला. तिने मान हलवली नाही ना.

त्या संध्याकाळीही तिची मॅच होती. मला माहीत होतं, न्यायचं मलाच होतं. उशिरा कळवलं तर दुसरं माणूस मिळत नाही, हे इतक्या वर्षांत ऐकून ऐकून डोक्यात बसलेलं. मी असायनरला फोन लावला. माझ्या इंग्रजीत सांगितलं, "धिस इज ड्रायव्हर. शी नॉट कमिंग टुडे. सेंड समबडी. गर्ल्स गेम, नो कॅन्सल." त्याला वाटलं बरं नसेल. म्हणाला, काल एकटीने केलं तिने, झोपू दे तिला. कुणी नाहीच मिळालं तर मी स्वतः जाईन, मॅच होईल. तिला सांग.

सांगतो म्हटलं. आत गेलो आणि तिला सांगितलं. मग मुलाला फोन लावला.